शिफ्ट बदलताना काढलेला फोटो

बाबा, उद्या सकाळी मला ठाण्याला नेणार आहेत, पोटातली गाठ काढायला. डॉक्टर म्हणाला, आजी, घाबरायचं नाही. आणि स्वतःच घाम पुसत होता. आज घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. सून दोनदा चहात साखर विसरली. शेवटी मीच म्हटलं, परत येईन न येईन, भिंतीवर लावायला एक बरा फोटो तेवढा काढून ठेवा. तिथून कटकट सुरू झाली.

माझी नात फोटो काढायला शिकतेय. हे पत्रही तीच लिहितेय, मला कुठे अक्षर येतं? शाळेत घालायच्या वयात तुम्ही मला स्टुडिओत फोटोमागचा पडदा धरायला ठेवलंत. तर तिने कॅलेंडर उतरवलं, औषधांचं टेबल बाहेर काढलं, मला पांढऱ्या भिंतीच्या एका कोपऱ्यात बसवलं आणि मोबाइलवर दाखवलं. एवढी थोरली भिंत आणि तळाला पाल बसावी तशी मी. म्हणाली, एकच गोष्ट ठेवायची, बाकी सगळं रिकामं. मी म्हटलं, बाई, तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून मला हे ठाऊक आहे.

धामणकर नाक्याच्या तुमच्या स्टुडिओत गिऱ्हाईक प्लॅस्टिकची फुलं मागायचं, टेलिफोन मागायचं. तुम्ही स्टूलसुद्धा काढायला लावायचात. चिडून लोक दुसरीकडे जायचे, पण तुम्ही ऐकलं नाहीत. शेजारच्या कापड कारखान्यातले लूम चालू असले की जमीन थरथरायची, फोटो हलायचा. म्हणून शिफ्ट बदलायची वाट बघायची. लूम थांबले की तेवढीच काही मिनिटं.

त्या दिवशी माझा फोटो दापोड्याला स्थळाकडे पाठवायचा होता. मी उभी आहे. आई येते, पदर सारखा करते आणि हात माझ्या खांद्यावरच राहतो तिचा. बाहेर नव्या शिफ्टची माणसं येऊ लागलीत. तुम्ही कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढता.

"तू बाजूला हो. फोटो एकटीचा हवा. तुझा पुढच्या वेळी काढू."

आई हसली आणि बाजूला झाली. पुढची वेळ आलीच नाही. माझं लग्न झालं आणि त्याच पावसाळ्यात काविळीने ती गेली. गावभर लोकांचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात बायकोचा फोटो नाही! बाराव्याला पाटावर नुसता नारळ होता.

म्हणून आज मी नातीला म्हटलं, मला एकटीला बसवू नकोस, तूही ये. ती म्हणाली, गर्दी होईल. दोन माणसांची कसली गर्दी? मग मोबाइल डब्यांना टेकवून ठेवला आणि धावत माझ्याजवळ आली. घाईत तिचं अर्धं डोकं कापलं गेलंय. असू दे, हाच लावायचा, असं मी मुलालाही सांगून ठेवलंय. तो मान फिरवून बाहेर गेला.

आता तुमच्याशी बोलायचं ते बोलते. आईच्या मागे महिन्याभराने तुम्ही दापोड्याला माझ्या सासरी आलात. ओट्यावर टेकलात, पाणीसुद्धा घेतलं नाहीत. "तो तुझा फोटो दे गो. खांद्यावर पदर चुरगळलाय ना, तिथे तिचा हात होता. मला बघू दे."

मला वाटत होतं, ते फक्त मलाच दिसलंय. मी म्हटलं, हरवला. तुम्ही वहाणा घालून निघालात. पुन्हा कधी विचारलं नाहीत.

नातीचा हात थांबलाय लिहिता लिहिता. लिही म्हटलं, पत्र कुठे जाणार आहे? बाबा, फोटो हरवला नव्हता. तुम्ही ओट्यावर होतात तेव्हा तो आत, लग्नाच्या साडीखाली होता. मला तो द्यायचा नव्हता.