एकशे सत्त्याऐंशी विहिरींची वाटणी

लिहून ठेवणार: डॉ. अंजना धुळा लवटे, वय वर्षे ७०, धंदा पूर्वी भूजलशास्त्रज्ञ, हल्ली काही नाही, राहणार गावभाग, सांगली, मूळ गाव लवटेवाडी, तालुका आटपाडी.

कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसे की, मला कोणताही मोठा आजार नाही, पण आकडे पाहता सत्तरीनंतर माणसाने कागद करून ठेवलेला बरा. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. चार-पाच आकड्यांनंतर लोकांना थांबवतात म्हणे. मी थांबले नाही. शेवटी बाकी दोन उरते हे सांगूनच उठले. कोणीही मला धाक दाखवून, गोड बोलून किंवा जेवू घालून हा कागद करायला लावलेला नाही.

यापूर्वी याच वर्षी जानेवारीत मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. ते रागात लिहिले होते आणि त्यात एक गोष्ट खोटी होती. ती कोणती, हे कलम पाच व सहामध्ये सांगितले आहे.

कलम १. घर. गावभागातील माझे खाली एक आणि वर एक अशा दोन खोल्यांचे घर श्रीमती शालूबाई यांना पूर्ण मालकीने द्यावे. शालूबाई मूळच्या आष्ट्याच्या, आमच्या कार्यालयात शिपाई होत्या, आता कुपवाडला भाच्याकडे राहतात. माझ्या नातेवाइकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. त्यांच्यासाठी कारण लिहिते.

मी चौतीस वर्षे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या एकशे सत्त्याऐंशी विहिरींचे पाणी मोजत होते. वर्षातून चार वेळा प्रत्येक विहिरीवर जायचे, वजन बांधलेली फीत आत सोडायची, वजन पाण्याला टेकल्याचा आवाज आला की पाणी किती खोल त्याचा आकडा कार्डावर लिहायचा. एका विहिरीचे एका वर्षाचे एक कार्ड. २००६ साली कार्यालय नव्या इमारतीत गेले, तेव्हा ही कार्डे रद्दीत काढली गेली. मी त्या दिवशी माण तालुक्यात एका विहिरीवर होते. रद्दीवाला वजनकाटा घेऊन आला, तेव्हा शालूबाई गठ्ठ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे कागद बाईंच्या हातचे हायती. तोलायचे तर मला धरून तोला."

मी परत येईपर्यंत, म्हणजे सव्वाचार तास, त्या बसून होत्या. मधे चहासुद्धा तिथेच घेतला. साहेबांनी शेवटी कंटाळून गठ्ठे माझ्या नावावर लिहून दिले. ती पावती सोबत आहे.

पुढे २०१९ च्या पुरात पाणी माझ्या घराच्या जिन्यावर आले. बोट आली, तेव्हा मी आधी कार्डांची खोकी पुढे केली. नावाडी म्हणाला, "बाई, माणसं न्यायची हायती, खोकी न्हाई." मी म्हटले, माझ्या वाट्याच्या जागेत खोकी घ्या, मी पुढच्या फेरीला येते. त्याने कपाळावर हात मारून खोकी घेतली आणि मला उचलून त्यांच्यावर बसवले. तरी निम्मी कार्डे भिजलीच. शालूबाईंनी सगळीच कुपवाडला भाच्याच्या कारखान्यात नेली. तिथले कामगार जेवणाच्या सुट्टीत पापड उलटावेत तशी कार्डे पंख्याखाली उलटत होते. सहा हजार तीनशे अठ्ठावन्न कार्डे गेली, तेवढीच परत आली. ज्याला यापेक्षा जास्त हक्क वाटत असेल त्याने तसे न्यायालयात सिद्ध करावे.

कलम २. माहिती. वरील कार्डे आणि ती उतरवून संगणकात केलेले सर्व तक्ते ही माझी खरी मिळकत आहे. ती मी माझ्या भावाची मुलगी साक्षी हिच्या ताब्यात देते. ताब्यात, मालकीने नव्हे. साक्षी पुण्यात याच कामात आहे आणि मला ज्या शंका येत नाहीत त्या तिला येतात. तिने ही माहिती जो मागेल त्याला द्यावी. शेतकरी असो, विद्यार्थी असो, वर्तमानपत्रवाला असो, नुसता रिकामटेकडा असो. अर्ज घेऊ नये. "कशाला पाहिजे?" असे विचारू नये.

माझे वडील धुळा लवटे मेंढरे घेऊन आटपाडीहून कृष्णाकाठापर्यंत फिरत. कुठल्या विहिरीला कुठल्या महिन्यात किती पाणी, हे त्यांना पाठ होते. वाटेत दुसरा मेंढका भेटला की आधी ते पाणी कुठे आहे ते सांगत, मग राम राम. मी लहानपणी विचारले होते, सगळ्यांना सांगितले तर आपल्या मेंढरांना काय उरेल. ते म्हणाले, "आज म्या सांगतो, उद्या त्यो सांगंल. न सांगणाऱ्याची मेंढरं आधी मरत्यात." त्यानंतर मी या विषयाचे दोन विद्यापीठांत शिक्षण घेतले. याहून नवे काही हाती लागले नाही.

माहिती वाटण्याचे तोटेही लिहून ठेवते, म्हणजे साक्षी बेसावध राहायची नाही. १९९१ पासून मी पूर्वेकडच्या गावांत त्या त्या गावच्या विहिरींचे आकडे चावडीच्या भिंतीवर रंगवून घेऊ लागले. हेतू असा की लोकांनी पेरणी पाहून करावी. लोकांनी सोयरीक पाहून केली. मुलीकडचे लोक मुलगा पाहण्याआधी भिंत पाहू लागले. ज्याची विहीर जानेवारीत आटते, त्याच्या घरी चहासुद्धा घेईनात. एका गावचे तानाजीराव माझ्याकडे साताऱ्यातल्या कार्यालयापर्यंत आले. म्हणाले, "बाई, आमची इहीर दोन मीटर वर दावा. पोराचं लगीन उरकू द्या, मग परत खाली करा."

मी नकार दिला. त्यांनी रागाने विहीर आणखी खोल खणली, पाणी लागले, लग्न झाले. पत्रिका मला आली नाही. त्यांचा नातू आता आकडे स्वतः फोनवर कळवतो.

कलम ३. माझे निवृत्त वरिष्ठ आप्पासो, राहणार सातारा. यांच्या ताब्यात पावसाच्या नोंदींचे लोखंडी कपाट होते आणि किल्ली करगोट्याला होती. विहिरीच्या पाण्याचा अर्थ लावायला पाऊस लागतो, म्हणून मी १९८६ साली त्यांच्याकडे नोंदी मागितल्या. आम्ही एकाच खोलीत समोरासमोर बसत होतो. त्यांनी लेखी अर्ज करायला सांगितले. मी केला. तीन वर्षांनी उत्तर आले की आपला अर्ज सापडत नाही, तरी पुन्हा करावा. उत्तर त्यांनी टपालाने पाठवले होते.

त्यांना वाईट म्हणता येणार नाही. नोंदी जपल्या त्यांनीच; त्यांच्या कपाटातला एक कागदही वाळवीने खाल्ला नाही. वाळवीलाही त्यांनी अर्ज करायला सांगितला असावा. आज ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. साक्षीने माझ्या पूर्ण माहितीची एक प्रत त्यांना न मागता, घरपोच, स्वतः नेऊन द्यावी. हा सूड समजावा. त्यांनी चहा दिला तर घ्यावा.

कलम ४. फीत, तिचे वजन आणि माझी चामडी पिशवी लवटेवाडीच्या शाळेला. स्कूटर कोणी घेत असेल तर त्याला. ती उतारावर चांगली चालते.

कलम ५. भाऊ जोतीराम. हे कलम मोठे आहे.

माझा धाकटा भाऊ जोतीराम धुळा लवटे शेती आणि मेंढरे पाहतो. मीच खटपट करून लवटेवाडीचे पावसाचे मापक आमच्या अंगणात बसवले आणि नोंदी ठेवायचे काम त्याला मिळवून दिले. निवृत्तीनंतर २०१४ साली मी त्याच्या वह्या संगणकात उतरवायला घेतल्या. २००३ ते २००८ या सहा वर्षांत लवटेवाडीत शनिवारी पावसाचा एक थेंबही पडला नव्हता. इतर वारी पडला तो दहा, पंधरा किंवा वीस मिलिमीटर. बारा नाही, सतरा नाही. शनिवार हा आटपाडीचा बाजार. मी सहाही वर्षांपुढे "संशयास्पद" असा शेरा मारला, नोंदी ठेवणाऱ्याचे नाव नियमाप्रमाणे खाली लिहिले आणि नेहमीप्रमाणे सर्वांना प्रती पाठवल्या. एक ग्रामपंचायतीला. ती ग्रामसभेत वाचली गेली.

जोतीराम दुसऱ्या दिवशी सांगलीला आला. घरात आला नाही, दारात उभा राहिला. म्हणाला, "आक्का, तू मला गावात खोटा केलंस."

मी म्हटले, "तू पावसाला खोटं केलंस."

त्यानंतर अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. त्याची बायको मंगल दर दिवाळीला करंज्या पाठवत राहिली, ती वेगळी गोष्ट. जानेवारीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की भावास काहीही देऊ नये, कारण मी आयुष्यात एकही आकडा खोटा लिहिलेला नाही आणि खोटे लिहिणाऱ्यास माफ करू शकत नाही.

कलम ६. फेब्रुवारीत साक्षीचा पुण्याहून फोन आला. ती माझे तक्ते तपासत होती. म्हणाली, "आत्या, मे चौऱ्याण्णवमध्ये आटपाडीकडच्या एकेचाळीस विहिरी आदल्या वर्षापेक्षा बरोबर तीस-तीस सेंटिमीटर खाली गेल्यात. एकेचाळीसच्या एकेचाळीस. असं होतं का?"

मी सांगितले, आवाज नीट येत नाही. आवाज नीट येत होता.

मे १९९४ मध्ये आमचे वडील गेले. आटपाडीकडच्या फेरीला मी निघालेच नाही. पंधरा दिवस लवटेवाडीत त्यांच्या घोंगड्याजवळ बसून होते. कामावर परतल्यावर आप्पासोंनी तक्ता मागितला, तेव्हा मी आदल्या वर्षीच्या मेचे आकडे घेतले, प्रत्येकात तीस मिळवले आणि सही केली. पुढच्या फेरीला खरे आकडे आले, गाडी रुळावर आली आणि मी विसरले. विसरले हे खरे नाही. कोणी विचारले नाही, हे खरे.

फोन ठेवल्यावर दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी मी जोतीरामला फोन केला. त्याने उचलला. मी मे चौऱ्याण्णवचे सगळे सांगितले. मागे मेंढरांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "तुला पकडलं कुणी?"

"साक्षीनं."

"माझ्या साक्षीनं?" आणि तो इतका हसला की पलीकडे मंगल काय झाले म्हणून विचारत आलेली मला ऐकू आली.

पुढच्या आठवड्यात तो आला आणि या वेळी आत बसला. मी विचारले, ती सहा वर्षे काय झाले होते. म्हणाला, "बोकडानं पावसाचं भांडं तुडवलं. तुला सांगितलं असतं तर तू अर्ज केला असतास, आन् आप्पासोचं उत्तर यायला जलम गेला असता. गावात म्हणले असते, बहिणीनं काम लावलं आन् यानं महिन्यात भांडं मोडलं. म्हून नवं भांडं येईस्तवर म्या रोज आभाळ बघून, रानातली ओल बघून अंदाजानं लिवलं."

"आणि शनिवार?"

"शनवारी म्या बाजारात. जे बघितलंच न्हाई ते कसं लिवू?"

मी वही काढली आणि हे शब्दाला शब्द लिहून घेतले.

सबब माझी अशी सूचना आहे: मे १९९४ च्या एकेचाळीस आकड्यांपुढे साक्षीने "संशयास्पद" शेरा मारावा, मोजणाऱ्याचे म्हणजे माझे नाव खाली लिहावे आणि प्रती सर्वांना पाठवाव्यात. लवटेवाडीच्या ग्रामसभेत त्या वाचून दाखवाव्यात. जोतीरामच्या सहा वर्षांपुढचा शेरा काढू नये, पण त्यापुढे एवढे लिहावे: "मापक मोडलेले. आकडे नजरेने. नजर बरी." आसपासच्या गावांच्या नोंदींशी साक्षीने ते ताडून पाहिले आहेत. शनिवार सोडून ते फारसे चुकलेले नाहीत.

कलम ७. जमीन. लवटेवाडीतील माझ्या वाट्याची दीड एकर जमीन मी जोतीरामला देणार होते. माझ्या वकील शिवांजली मोहिते यांनी सांगितले की ज्याला काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी. जोतीराम म्हणाला, "मग मला काय देऊ नको. सही म्या करणार."

मी समजावून सांगितले की जमीन ही सहीपेक्षा मोठी गोष्ट आहे. तो म्हणाला, "रान तुझ्या नावावर ऱ्हावं न्हाई तर पोरीच्या, कसणार मीच हाय." मंगलच्या नावे करावी तर तेही वकीलबाईंना पसंत पडेना, कारण ती साक्षीदाराची बायको. म्हणून जमीन साक्षीला. अशा रीतीने आमच्या घरात साक्षी साक्षीदार होऊ शकत नाही, आणि जो होऊ शकतो त्याला जमीन नाही. हे कायद्याचे काम आहे, माझे नव्हे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी साक्षीने करावी. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर कोणी "त्यांची उणीव भरून न येणारी आहे" असे म्हणू नये. उणीव असेल तिथे कोरी जागा सोडावी, अंदाजाने भरू नये.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून पाहिला, दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या आणि खालील दोघांच्या समक्ष सही केली.

ठिकाण: सांगली
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) अंजना धुळा लवटे

साक्षीदार:

१. (सही) ॲड. शिवांजली मोहिते, सांगली. लिहून ठेवणार यांनी माझ्यासमोर सही केली.

२. (सही) जोतीराम धुळा लवटे, मु. लवटेवाडी, ता. आटपाडी. आक्कानं माझ्यादेखत सही केली. आक्काची तब्येत चांगली हाय. कुणी घाई करू नये.