थकबाकीतले गेम आणि मागची खोली यांच्या वाटणीबाबत

लिहून ठेवतो की, आज सकाळी दात घासताना माझं डोकं ठिकाणावर होतं आणि हे लिहितानाही आहे. ते जन्मापासून कधीच ठिकाणावर नव्हतं असं आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, सांगत फिरतात. पण बंधूंचं मत विचारात घेण्याची सक्ती नाही, हे मी विचारून घेतलं आहे. मी प्यायलेलो नाही. माझ्या मानगुटीवर कुणी बसलेलं नाही. मानेत एक गाठ तेवढी बसली आहे, आणि तीच या लिखाणाचं कारण.

गाठ परवा काढणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किरकोळ आहे, घाबरू नका. मग या किरकोळ कामात माणूस दगावला तर आमची जबाबदारी नाही, अशा मजकुराखाली त्यांनी माझी सही घेतली. म्हणजे मी घाबरायचं नाही, त्यांनी मात्र घाबरून आधीच तयारी ठेवायची. मला हा व्यवहार पटला. म्हणून मीही माझी तयारी ठेवतो.

भाषेबद्दल आधीच सांगतो. सहावीत मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर दोन्ही बाजूंचं एकमत नाही. ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ हे शब्द खोलीतले ड्रायव्हरकाका सांगतील तिथे टाकले आहेत. काका पूर्वी एका वकिलाची गाडी चालवायचे. गाडीत बसून वकील जे बोलायचा ते त्यांनी फुकटात ऐकलं, आणि आता तेवढ्याच फीमध्ये मला ऐकवतात.

कलम पहिलं: मी कोण.

मी घरापासून लांब, मोठमोठ्या इमारतींच्या छतांत एसीचे डक्ट, म्हणजे गार हवेचे पत्र्याचे बोगदे, बसवतो. लोकांना गार वारा लागावा म्हणून दिवसभर घाम गाळतो. राहतो कंपनीच्या खोलीत, दुमजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर. खोलीत मला पॉज म्हणतात, कारण कुणी जेवायला हाक मारली की मी ‘थांब, पॉज करतो’ म्हणतो आणि करत नाही. पाळण्यातलं नाव खालच्या सहीत आहे. वाचता आलं तर वाचा.

कलम दुसरं: जंगम मालमत्ता, म्हणजे जी उचलून नेता येते आणि या खोलीत बऱ्याचदा नेली जाते.

सदरहू गेमचा कन्सोल मी एका बिऱ्हाडाकडून घेतला. ते लोक जागा सोडून चालले होते आणि त्यांच्या छतात मी डक्ट जोडत होतो. बाईंनी कन्सोलबरोबर खोकंभर गेम दिले. म्हणाल्या, ‘मुलांनी अर्ध्याला हातही लावला नाही.’ मी मनात म्हटलं, श्रीमंतांची पोरं. मग दर पगाराला मी स्वतः जुन्या गेमच्या दुकानात जायला लागलो आणि ज्याला हात लावणार नाही असं आणखी घेऊन यायला लागलो. एक खेळून संपायच्या आत चार घरात. माझ्या वरच्या पलंगावर झोपणाऱ्या वायरमनने या ढिगाला थकबाकी नाव दिलं. खोलीतला प्रत्येक जण सुट्टीच्या दिवशी विचारतो, ‘काय रे पॉज, थकबाकी किती भरली?’ मीही शपथ घेऊन बसलो होतो की थकबाकी शून्यावर आल्याशिवाय घरी जायचं नाही. घरी न जायला माणसाला काहीतरी कारण लागतंच. दादाचं तोंड बघायला लागेल, हे कारण कंपनीच्या साहेबाला सांगता येत नाही.

या ढिगाची वाटणी अशी.

ज्यात हिरो छताच्या डक्टमधून सरपटत शत्रूच्या घरात उतरतो, तो गेम वायरमनला. ज्याने तो बनवला त्याने जन्मात डक्ट पाहिलेला नाही. माणूस सोडा, मांजर शिरलं तरी पत्रा सगळ्या मजल्याला बोंब मारून सांगतो. वायरमन बारावी आहे, त्याला अशा गोष्टी खऱ्या वाटतात.

ज्यात गावभर लोकांची ओझी पोचवायची असतात, तो आमच्या कामावरच्या मेस्त्रींना. दिवसभर मी हेच करतो. खोलीवर येऊन फुकटात पुन्हा का करत होतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना पत्र्याची कात्रीही दिली. ती गेलं वर्षभर त्यांच्याकडेच आहे. आता परत मागायला कुणी नसेल, एवढाच फरक.

खोलीतल्या स्वयंपाक्याला काहीही नाही. कारण खालीलप्रमाणे. थकबाकीतला सगळ्यात लांबलचक गेम मी शेवटच्या किल्ल्यापर्यंत आणला होता. मी कामावर असताना यांनी कन्सोल लावला, ‘न्यू गेम’ दाबलं, आणि माझ्या सेव्हवर स्वतःचा सेव्ह ठेवून माझा सगळा खेळ पुसून टाकला. विचारलं तर म्हणतात, ‘मला वाटलं नवीन गेम आणलास, म्हणून त्यावर दाबलं.’ त्यांचा हिरो अजून गावच्या विहिरीपाशी उभा आहे. त्याला तिथेच राहू द्यावं. तो पुढे गेला तर माझ्या आत्म्याला शांती मिळणार नाही.

आमच्या दादाला, वहिनींसह, तो गेम द्यावा ज्यात दुसऱ्यांची जमीन बळकावत नकाशा आपल्या रंगाने भरायचा असतो. त्यात हवा तेवढा मुलूख घ्या. मधे कुणाची माघारी आलेली बहीण येत नाही.

कलम तिसरं: ताई, आणि ती गेम कशी वाचायची.

हे कलम काका म्हणतात गाळ. म्हणतात, मृत्युपत्रात कहाणी लागत नाही. पण कहाणी नसेल तर पुढचं कलम दादाला कळणार नाही, आणि दादाला मुद्दाम न कळण्याची सवय आहे.

इंग्रजी अक्षरं मला ओळखता येतात. पण एक ओळ जुळवेपर्यंत पडद्यावरचा माणूस बोलून, भांडून, मरूनही जातो. म्हणून ज्या गेममध्ये बोलणं फार, त्यासाठी मी सुट्टीच्या दुपारी ताईला फोन लावायचो. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून टीव्हीकडे तोंड करून ठेवायचा. ताई तिकडे मागच्या खोलीत बसून पडद्यावरचं वाचायची आणि मराठीत सांगायची. ताई माझ्याहून मोठी, दहावी झालेली. लग्न झालं, वर्ष-दोन वर्षं सोसलं, आणि एक दिवस पिशवी घेऊन माघारी आली. कारण तिने कुणाला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून ती मागच्या खोलीत शिलाई करते. ताईचा स्वभाव असा की तहान लागली तरी दुसऱ्याकडे पाणी मागणार नाही.

तर तिने सांगितल्याप्रमाणे मी एकेक गेम खेळत गेलो, आणि माझ्या लक्षात आलं की या कंपन्यांकडे लेखकांचा फार तुटवडा असावा. प्रत्येक गेममध्ये कुणीतरी म्हातारा भेटायचाच, आणि तो म्हणायचा, ‘वीरा, पुष्कळ झालं, आता घरी जा.’ राक्षसांच्या गेममध्ये तेच, अवकाशातल्या गेममध्येही तेच. एकदा गाड्यांच्या शर्यतीत मी पहिला आलो, तर गॅरेजवाला हिरोला म्हणाला म्हणे, ‘भाऊ लांब राहिला की घराच्या भिंती परक्याच्या होतात.’ मी थक्क झालो. म्हटलं, काय लिहितात लेकाचे, गाडीच्या शर्यतीत!

वायरमन वरच्या पलंगावर पडून ऐकत होता. तो हसायला लागला. म्हणाला, ‘अरे पॉज, तिथे लिहिलंय टायर बदलून घे.’

मी ताईला विचारलं, हा म्हणतोय ते खरं का. ती म्हणाली, सुरुवातीला अडलेला शब्द मी मोबाईलवर शोधायचे, मग कंटाळा आला, मग सुचेल ते सांगायला लागले. वर मलाच म्हणते, ‘तू जिंकत होतास ना? मग तुला काय फरक पडला?’

‘आणि घरी जा असं कोण म्हणत होतं?’

तिने आधी उठून पंखा बंद केला. मग म्हणाली, ‘मी.’

त्यानंतर एकेक गोष्ट ओढून काढावी लागली. दादाने मागची खोली भाड्याने द्यायची ठरवलीय. भाडेकरू येऊन माप घेऊन गेला. वहिनींनी ताईला सांगितलं की शिलाई मशीन तात्पुरतं जिन्याखाली ठेवू, आणि तुम्हीही तात्पुरतं कुठे बघता का. दादाचं म्हणणं, ‘धाकट्याचा हिस्सा असला तरी धाकटा आहे कुठे? तो मेला काय अन् जगला काय, इथे मीच बघतो सगळं.’ ताई मला म्हणाली, तुला सरळ सांगितलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं.

म्हणजे आमची ताई माझ्याशी तोंड उघडून बोलेना, पण राक्षस, अंतराळवीर आणि गॅरेजवाला यांच्या तोंडून वर्षभर बोलत राहिली. आणि मी गाढव प्रत्येक म्हाताऱ्याला ‘बरं बरं’ म्हणत बटण दाबून पुढे जात राहिलो.

कलम चौथं: स्थावर मालमत्ता. दादा, हे हळू वाच.

वडिलांनी जाण्यापूर्वी घर आपल्या दोघांच्या नावे केलं. ताई तेव्हा सासरी होती, म्हणून तिला वगळलं. वडिलांना वाटलं, मुलगी दिल्या घरी सुखी असते. त्यांना बऱ्याच गोष्टी वाटायच्या. मी इंजिनिअर होईन असंही वाटायचं. वाटणीत पुढच्या दोन खोल्या तुझ्या, आणि मागची खोली, न्हाणीघर आणि गल्लीत उघडणारं दार माझं. उपरोक्त खोली, न्हाणीघर आणि दार मी ताईला देतो. कायमचं, तिच्या नावावर. ती तिथे राहील, शिवील, विकील, नाहीतर कुलूप लावून जग फिरायला जाईल. ‘तात्पुरतं’ हा शब्द त्या खोलीत यापुढे कुणी उच्चारू नये. बँकेत जे काही आहे तेही तिचंच. आकडा लिहीत नाही, वहिनींना हसू यायचं.

कन्सोल आणि उरलेली सगळी थकबाकीही ताईला. गेमचे अर्थ तिने पूर्वीसारखेच लावावेत. वायरमनने खरे अर्थ सांगायला सुरुवात केल्यापासून एकाही गेममध्ये दम राहिलेला नाही.

अंमलबजावणी ड्रायव्हरकाकांनी करावी. ते पुढच्या महिन्यात तसेही आमच्या भागाकडे जाणार आहेत. दादाने त्यांना चहा विचारला तर प्यावा, पण पुढच्या खोलीत बसून नव्हे.

कलम पाचवं. हे आत्ता वाढवलं.

इथपर्यंत वाचून दाखवलं तर काकांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘पोरा, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं.’

म्हटलं, माहीत आहे.

‘मग तू वाचलास तर? तुझी बहीण जिन्याखालीच की.’

वायरमन म्हणाला, मग परवा आम्ही नेमकी प्रार्थना काय करायची तेवढं लिहून दे. हा कायदा कुणी केला माहीत नाही, पण माझा प्राण गेला तर ताईला छप्पर, आणि मी बरा झालो तर ताई उघड्यावर, असा हिशेब लावणाऱ्याचं डोकं माझ्याहून ठिकाणावर नसावं.

म्हणून शेवटचं कलम असं की, मेलो तर वरीलप्रमाणे. जगलो तर टाके निघाले की मिळेल त्या तिकिटाने मी घरी येतो, आणि हीच खोली जिवंतपणी, दादासमोर, सरकारी कचेरीत बसून ताईच्या नावावर करून देतो. मेस्त्रींकडे रजा मागितली. म्हणाले, ‘गाठीसाठी दोन आठवडे दिलेत ना, त्यातच काय ते कर.’ थकबाकी जशी आहे तशीच राहील. ती संपवूनच येणार होतो, पण आता मला थांबवत नाही.

तोपर्यंत भाडेकरूने खोलीत पाऊल टाकू नये, आणि शिलाई मशीन जिथे आहे तिथून वीतभरही हलू नये.

या सगळ्याचा फोटो सही झाल्यावर लगेच दादाच्या मोबाईलवर जाईल. मी मरेपर्यंत त्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. ताईला कुणी काही कळवू नये. ती ‘कशाला रे’ म्हणेल आणि मला सगळं पुन्हा लिहावं लागेल.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या, ‘सदरहू’ काकांचे.

ठिकाण: कंपनीची खोली, खालचा पलंग.
तारीख: चौदा, मंगळवार, संध्याकाळच्या जेवणाआधी.

सही (पॉज)

साक्षीदार एक: ड्रायव्हरकाका. चष्मा लावून सही केली आहे.

साक्षीदार दोन: वायरमन, बारावी पास. माझा गेम बदलून द्यावा अशी विनंती. (विनंती नामंजूर. पॉज.)

जाता जाता: दादाला फोटो पोचला. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं. मग ‘टाइप करत आहे’ असं आलं, गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. वायरमन म्हणाला, थांबूया का उत्तरासाठी? मी फोन खिशात टाकला आणि जेवायला उठलो. दादाला विचारलेलं नाही, कळवलेलं आहे.