शेपटीच्या ताऱ्यापायी थांबलेलं लगन

जबलपूर, २० जानेवारी १९७४

प्रिय मायले तुह्या जगदेवचा जयभीम.

मी मजेत हाये. खोकला गेल्यात जमा हाये, काळजी करू नको.

आपल्या धाकल्या सोजरनं लिहिलं, शेपटीचा तारा निघाला म्हणून तू तिचं लगन थांबवलं. इथं तर त्या ताऱ्यापायी जत्रा भरून राह्यली. अमेरिकेची तीन माणसं आभाळातल्या यानात बसून त्याचा अभ्यास करून राह्यली. मीबी दिवस बुडताना कॉलेजच्या दुर्बिणीसाठी तासभर रांगेत उभा राह्यलो. दिसलं काय, तर चुन्याचं बोट पुसल्यासारखा डाग.

मंग आठवलं, छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून तू मुहूर्त पाह्यलाच नाही. थोरल्या बाईचं लगन तर ऐन अवसेले लावलं होतं. तीच तू आता ताऱ्याले भ्याली?

माय, दोन वर्सं मी घरी आलो नाही. तू तारा जायची नाही, माही वाट पाहून राह्यली. तसं सरळ लिहिलं असतं तरी मी आलो असतो.

मार्चात पंधरा दिवसांची सुट्टी भेटली हाये. तारीख धर, मांडव मीच घालीन. बाबाचे गुडघे कसे हायेत?

सोजरले यातलं काही बोलू नको. तारा मावळला, एवढंच सांग.

तुहा,
जगदेव