आधी कंदील

सास्तूर, चैत्र शु. २, शके १८६८

ती. अप्पांस शांतम्माचे शरणार्थ. वि. वि.

सरकारच्या सक्तीच्या लेव्हीची जवारी न्यायला महसुलाचा गिरदावर येणार, म्हणून मामंजी चार वर्षं बंद असलेलं जमिनीतलं धान्याचं पेव उघडणार आहेत. आत तुमचे जावई उतरतील. कोंडलेल्या हवेनं माणूस जातो, म्हणून तोंड उघडल्यावर किती थांबावं हे तुम्हाला विचारायला सांगितलंय. पेवातलं रेवणसिद्धअप्पांइतकं कुणाला कळत नाही, असं मामंजी चारचौघांत म्हणाले. मला माहेरचा लई अभिमान वाटला.

उत्तराची वाट पाहणारी,
शांतम्मा

ईट, चैत्र शु. ११

चि. सौ. शांतम्मास अनेक आशीर्वाद.

शंभरावर पेवं उघडली मी. एक दिवस, एक रात्र तोंड उघडं ठेवा आणि खुशाल उतरा. व्याह्यांना सांग, हा माझा शब्द आहे. सासरीही वाद घालतेस का, तेवढं कळव.

अप्पा

सास्तूर, चैत्र व. ५

ती. अप्पांस शरणार्थ. वि. वि.

वाद घातला, तोही तुमच्याशीच. दिवस-रात्र पेव उघडं ठेवलं. मामंजींनी तुमचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, यांनी कमरेला दोर बांधला. मी वाकून पाहिलं तर कुबट वास आला. म्हटलं, आधी कंदील सोडा. मामंजी चिडले, सख्ख्या बापाचं सांगणंबी पटत न्हाय व्हय, असं म्हणाले. बाया हसल्या. मी म्हटलं, अप्पांचं खरं असेल तर कंदील जळत राहील, आपलं काय जातं.

कंदील दोन पुरुष खोल गेला आणि विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. जिथं ज्योत टिकत नाही तिथं माणूस कसा टिकेल? यांनी कमरेचा दोर सोडून ठेवला. तिसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळला, मगच हे उतरले. तळाची जवारी भिजून सडली होती, त्यानंच हवा बिघडलेली.

तुमचा शब्द मोडला, अप्पा. रागावलात तरी माया कमी करू नका.

शांतम्मा

ईट, चैत्र अमावास्या

चि. सौ. शांतम्मास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी घाम फुटला. मग बाजारात दहा जणांना तेच वाचून दाखवलं. लेकीनं मला खोटं पाडलं हे सांगताना माझी छाती फुगली होती. शंभर पेवं मला साधली, म्हणून तुमच्या पेवातली हवा माझं थोडीच ऐकणार होती.

काल इथल्या अण्णारावांचं पेव उघडलं. कधी उतरायचं ते रेवणअप्पा सांगतील, असं म्हणत गडी थांबले. मी कंदील मागितला. हे नवीन कुणी शिकवलं, असं अण्णारावांनी विचारलं. तुझं नाव जिभेवर आलं होतं, पण गिळलं; माझ्या शब्दाच्या जागी आता तुझा शब्द नको. म्हटलं, कुणी का शिकवलं असंना, खाली सोडा आन् बघा.

अशीच वाद घालत राहा, हाच आशीर्वाद.

अप्पा