मालकांनाही निरोप

दि. ९ ऑगस्ट

चि. धाकल्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. तू कसा आहेस ते फोन उचलला असतास तर कळलं असतं. म्हणून हा कागदाचा खटाटोप. आईचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो आणि ती तक्रार पूर्वीपेक्षा जास्त करते. तुझे भावोजी मजेत.

पार्लरमध्ये कंपन्यांच्या गमतीदार बातम्या अजून मीच वाचून दाखवते. बाईच्या तोंडाला लेप लावला की तिला उठून जाता येत नाही आणि उलट उत्तरही देता येत नाही. परवा एका गाद्यांच्या कंपनीची होती: कामावर डुलकी काढली म्हणून एकाला दंड केला. त्याआधी एका छत्र्यांच्या कंपनीने पाऊस आला म्हणून सभा पुढे ढकलली. लेपाला तडे जाईपर्यंत बाया हसल्या.

मग तुमची आली. 'निरोपाचं पत्र चुकून सगळ्या कंपनीला, मालकही बडतर्फ.' अर्धी वाचली आणि कंपनीचं नाव आलं. पुढचं मनातच वाचलं. ज्या थोड्या लोकांना काढायचं होतं त्यांच्यासाठी तू पत्र लिहिलंस आणि पाठवलंस ते झाडून सगळ्यांना. स्वतःलाही सोडलं नाहीस. बातमीत तुला 'एक वेंधळा कर्मचारी' म्हटलंय. माझं डोकं असं फिरलं की एका गिऱ्हाइकाची एक भुवई दुसरीपेक्षा बारीक झाली. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

राजीनामा देऊन तू खोलीत तोंड लपवून बसलायस, हे तुझ्या घरमालकिणीकडून कळलं. जेवतोस ना वेळेवर? बरं, आता मुद्द्यावर येते. मघापासून टाळतेय.

तुझ्या मालकांचा फोन आला होता. अडीअडचणीला कळवायचा नंबर म्हणून तू माझा दिला होतास म्हणे. मला वाटलं, आता कोर्टकचेरी. पण गृहस्थ हळू आवाजात बोलत होते. तुझं पत्र त्यांनी बायकोला वाचून दाखवलं. 'तुमच्यामुळे ही कंपनी उभी राहिली' असं त्यांना इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते नारळ देताना. उद्या सकाळी उठून जायचं कुठे, असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं. ज्यांना आपण काढणार होतो त्यांनाही असंच वाटलं असतं, हे तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं. आता कुणालाच काढत नाहीत. त्याऐवजी खर्च वाचवायला नव्या शाखेचा बेत सोडलाय. तुलाही परत बोलावणार म्हणाले.

आणि मग त्यांनी विचारलं, "चुकूनच झालं ना हो त्याच्या हातून?"

हो म्हटलं असतं तर तुझी नोकरी पक्की होती, एवढं मलाही कळतं. पण धाकल्या, तू कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस. तुला वेंधळा म्हणायला माझी जीभ रेटेना.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या भावाच्या हातून असलं काही चुकून होत नाही."

बोलून बसले. हातची नोकरी मीच घालवली, असं वाटून रडू यायला लागलं.

मग ते म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं. सोमवारी पाठवा त्याला."

तेव्हा जा. आणि मान खाली घालून जाऊ नकोस.

तुझ्यासाठी एक खोटंही बोलू न शकलेली,
तुझी ताई