मूळ रंगाची किंमत

२० सप्टेंबर
दोन लाख ऐंशी हजार! काल मुंबईच्या लिलावात आपल्यासारखाच फोनोग्राफ गेला. तबकडीचा नव्हे, त्याच्याही आधीचा, मेणाच्या नळीवर वाजणारा. बाबांनी कुरुंदवाडातून आणलेला आपला तर जास्त देखणा. इतकी वर्षं माळ्यावर पडून होता! पुण्याच्या फ्लॅटचं बुकिंग यातच निघेल. दुकानात लक्ष लागेना. अर्धा किलो मागणाऱ्याला किलोभर साखर बांधून दिली.

२४ सप्टेंबर
लिलाववाला उदयसिंह येऊन गेला. भिंग लावून सगळं तपासलं. म्हणाला, पैसा मशीनला नाही, मूळ रंगाला आहे. शौकीन लोक जुनी काजळीसुद्धा विकत घेतात. असंच एक मशीन कुणी वॉर्निश मारून आणलं, तर बोली साठ हजारांपुढं सरकेना. फडकंसुद्धा लावू नका, असं बजावून गेला. तीन तारखेला न्यायला येणार.
रोहिणीनं पडद्यांचे रंगही ठरवले. आईला तिथं मोठं देवघर करून देऊ. खूश होईल.

२७ सप्टेंबर
झोप नाही. परदेशातले भावही बघून झाले. रोहिणी म्हणते, ताप आलाय का बघू.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
संपलं!
दुकानातल्या काट्याची, स्कूटरची पूजा करून घरी आलो, तर फोनोग्राफ चकाचक! आईनं कर्णा चिंच-मीठ लावून घासलेला. पेटी साबणानं, तारेच्या घासणीनं. कर्ण्यावरची रंगवलेली फुलं गेली, पेटीवरची सोनेरी अक्षरं गेली. वर हळद-कुंकू आणि झेंडूचा हार. शिलाई मशीन, विळी, खलबत्ता — त्यांच्याच रांगेत मांडलेला.
नवमीला यंत्रं घासायची न्हाईत तर कवा घासायची, म्हणाली. मी तसाच बाहेर पडलो. रंकाळ्याला तीन चकरा मारल्या, तरी डोकं शांत होईना.

२ ऑक्टोबर, दसरा
उदयसिंहला फोटो पाठवले. चाळीस हजार आले तरी नशीब, म्हणाला. फ्लॅट गेला.
आईला सोनं दिलं, पाया पडलो, बोललो मात्र नाही. तिला बिचारीला लिलावातलं काय कळतंय? तरी राग जात नाही.

३ ऑक्टोबर
सकाळी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, जाऊ दे आई, तुला माहीत नव्हतं.
भाकरी थापायची थांबली नाही. "म्हाईत हुतं की. त्या पावण्याचं समदं ऐकलंय मी. पुण्याला येतीस का, म्हणून एकदा तरी इचारलंस व्हय मला?"
नव्हतं विचारलं.