काळ्या पट्ट्याचं टोक

६ नोव्हेंबर १९७९, मंगळवार
पुण्याहून तायक्वांदोच्या सरांचं कार्ड. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी, म्हणजे १८ला येताहेत. सोबत नव्या संघटनेचे परीक्षक. 'जुने पट्टे रद्द. सगळ्यांनी पांढरा पट्टा बांधून रांगेत उभं राहावं, पहिल्यापासून परीक्षा.' सगळ्यांनी या शब्दाखाली रेघ. म्हणजे मीसुद्धा.
गेल्या वर्षी याच माणसाने, मी मुलींना शिकवते त्याच तालमीत, माझ्या कमरेला काळा पट्टा बांधला होता. पोटभर कौतुक करून. आता तो रद्द!
शाळेत चौथीच्या पोरांवर उगाच ओरडले.

७ नोव्हें., बुध.
तालमीतल्या वर्गात शाहीनने विचारलंच, "बाई, क्या हुआ?" माझ्या मुलींमधली सगळ्यात तयार ही. मग सरांनी मागे चहा पिताना सांगितलेलं सगळं सांगितलं. आपल्याकडे पेठेपेठेत तालमी, तशा कोरियात लढाईनंतर शाळा निघाल्या. प्रत्येकीचा वस्ताद वेगळा आणि प्रत्येकीचं म्हणणं, खरं ते आमचंच. एका जनरलने सगळ्यांना तायक्वांदो या एका नावाखाली आणलं, जगभराची संघटना काढली. सर बोटीवर नोकरीला होते, तेव्हा पिनांगला तिच्यातच शिकले. पुढे जनरलचं कोरियाच्या सरकारशी बिनसलं. तो कॅनडात गेला, संघटनाही घेऊन गेला. सरकारने सोलमध्ये दुसरी काढली, वेगळे पॅटर्न, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, बसवले. सर आता त्या दुसरीत गेलेत.
शाहीन म्हणाली, "झगडा उनका, पट्टा तुम कायकू छोडते?"
शाब्बास पोरी.

९ नोव्हें., शुक्र.
सरांनी पाठवलेल्या कागदावरून नव्या संघटनेचा, न. सं.चा, पहिला पॅटर्न करून पाहिला. उभं कसं राहायचं, तर बसथांब्यावर राहतात तसं. जुन्या संघटनेचा पहिला पॅटर्न, चोन-जी, केला की मांडी भरून येते, इथे तसलं काही नाही. लाथ मात्र आहे आणि छान आहे. कबूल.
भांडण पॅटर्नशी नाहीच. नवं शिकायला मी एका पायावर तयार आहे. पण जुनं कधी शिकलेच नव्हते असं कमरेला बांधून दाखवायचं? ते नाही जमणार.
धास्ती वेगळीच आहे. तालमीच्या वस्तादांनी मुलींना तालीम उघडून दिली ती एका अटीवर. जिला तिच्या गुरूने मान्य केलंय तीच इथे शिकवणार. दुपारी चारला पैलवान नसतात, तेव्हा माती आमची. सरांनी पट्टा काढला की अट मोडली. वर्ग बंद.

१२ नोव्हें., सोम.
शाहीनला कुठून तरी कळलं. डिसेंबरात पुण्याला स्पर्धा आहे, फक्त न. सं.वाल्यांना. आली ती पडलेल्या चेहऱ्यानेच. "बाई, बांधो ना सफेद. पट्टा बदला तो हाथ थोडेच बदलते?"
ती निळा सोडून पांढरा बांधायला तयार आहे. म्हटलं, तू बांध, खुशाल बांध. तिचं चूक नाही. तरी वर्ग संपेपर्यंत तिच्याशी धड बोलले नाही. माझा स्वभाव मेला...

१५ नोव्हें., गुरु.
लिहूनच काढते.
वडील, आमचे नायना, डाईंगमध्ये कामाला. आमच्या वर्गाचे सगळे पट्टे त्यांच्या हौदातून निघालेत. नवा पट्टा आणतंय कोण! पास झालं की तोच पट्टा पुढच्या रंगात. पांढऱ्यावर पिवळा, मग हिरवा, निळा, तांबडा, शेवटी काळा. माझा काळा त्यांनी स्वतः ढवळला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.
आज शाळेतून आले तर खुंटीवर पट्टा नाही. अम्मा विड्या वळत होती, मान वर करीना. नायना कामावरून आले, पिशवीतून पट्टा काढून माझ्यासमोर ठेवला. एक टोक विद्रूप.
घरात चाललेलं बोलणं त्यांच्या कानावर होतं, पांढरा लागतोय, पांढरा लागतोय. बाजारातून दुसरा आणावा हे डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे पट्टा म्हणजे तोच. त्यांनी तो ब्लीचिंगमध्ये घातला!
"टोक बुडवून बघिटलं फक्त. कापड विरतंय पद्मा. पांढरं न्हाई व्हत."
मी किंचाळले. विचारलं तरी का नाही मला?
"तू मानानं उभं ऱ्हावं म्हनून केलं की," म्हणाले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.
नंतर टोक उजेडात धरून पाहिलं. काळा खाल्ला गेलाय, खालून तांबडा दिसतोय, मध्येच हिरवट, एका जागी पिवळा. कडेला दोरे लोंबताहेत. पांढरा कुठेच नाही.
ठरलं माझं.

१८ नोव्हें., रवि.
गाडी कुर्डुवाडीला रखडली, परीक्षक आले ते वैतागूनच. मुली बाजारातून आणलेल्या पांढऱ्या पट्ट्यात. मी पुढे, काळ्यात. खराब टोक मुद्दाम वर.
परीक्षकांनी बोट दाखवलं, "हे काय आहे?"
"काळा पट्टा."
"खराब झालाय."
"आम्ही पांढरा करायला गेलो होतो. झाला नाही."
सर मातीकडे बघत होते. परीक्षक म्हणाले, पट्टा सोडा नाहीतर बाहेर थांबा. तेवढ्यात पायरीवर बसलेले वस्ताद उठले.
"सर, ह्या पोरीला पट्टा कुनी बांदला?"
"मी."
"मग तवा खोटा बांदला, का आत्ता खोटं सोडाय लावताय?"
सर गप्प. मला त्यांची कीव आली, रागही आला.
मी म्हटलं, नव्यात परीक्षा घ्या, चुकले तर नापास करा. आणि थांबलेच नाही. नवा पॅटर्न केला, श्वास घेतला, लगेच चोन-जी केला. कुणी अडवलं नाही. परीक्षक म्हणाले, "तुमचं पुण्याहून कळवू."
शाहीन पास, डिसेंबरात जाणार! आनंद झाला. खरंच झाला.
निघताना सर हळूच म्हणाले, "पद्मा, माझाही काढायला लावला त्यांनी. मीही पांढऱ्यापासून..."
"तुम्ही बांधला होतात सर, म्हणून तर सोडत नाही."
त्यांचे डोळे भरले. मी पाया पडले. पट्ट्याचं टोक मातीला लागलं.

२१ नोव्हें., बुध.
पुण्याहून काही नाही.
वस्तादांना विचारलंच, तुमच्या अटीचं काय? "तुज्या गुरूनं मान्य केलंय का न्हाय ते रविवारी दिसलं की. त्यो खोटं बोलला न्हाय, गप बसला." मग थोडं थांबून, "पन तिकडनं न्हाय म्हनून आलं, तर परत बोलाय लागंल. मलाबी तालमीच्या पंचांना तोंड द्यायचंय." म्हणजे टांगलेलंच.
नायना म्हणाले, टोक परत काळ्यात बुडवून देतो. नको म्हटलं. दोरे सुटू नयेत म्हणून अम्माने टीप मारून दिली. नायना तिच्या शेजारी बसून बघत होते, टीप वाकडी जातेय म्हणाले आणि दोनदा तिची बोलणी खाल्ली.
शाहीन दोन्ही पट्टे घेऊन आली होती, निळा नि पांढरा. कोणता बांधू? म्हटलं, स्पर्धेला पांढरा, इथे तुला वाटेल तो. निळा बांधला लबाडाने.
उद्या चारला वर्ग. आधी चोन-जी, मग नवा. दोन्ही घेणार.
पुण्याचं पत्र आलं तर वस्तादांना मीच वाचून दाखवीन, काहीही असो. पट्टा बांधून जाईन.